टू-मध्ये भलतेच जोशी उगवतात: मेल प्रोग्रामने साठवलेले पत्ते कसे आवरायचे?

कोरा_कागद

मंडळी, नमस्कार. जाणकारांची मदत हवी आहे.

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीत नवी कमिटी आली आणि सचिवपद माझ्या गळ्यात पडलं. ८४ फ्लॅट, ए ते डी अशा चार विंग. ऑफिसात दोन संगणक. एकावर आउटलुक २०१६ आहे, तिथून मॅनेजर पत्रव्यवहार करतात. दुसऱ्यावर थंडरबर्ड हा मेल प्रोग्राम. तो आधीचे खजिनदार वापरायचे, आता मी बसतो. खातं एकच, सोसायटीचं जीमेल. तेच माझ्या आणि अध्यक्षांच्या मोबाइलवरही आहे.

आता दुखणं. आधीचे अध्यक्ष फ्लॅट विकून पुण्याला गेले. आउटलुकच्या कॉन्टॅक्टमधून त्यांचं नाव मी स्वतः काढलं. तरी मॅनेजरनी टू-मध्ये 'के' दाबलं रे दाबलं की पहिलं नाव त्यांचंच. दुसरं म्हणजे आमच्याकडे जोशी दोन. एक ए-३०२, दुसरे सी-१०४. ए-३०२वाले पाच तारखेच्या आत मेंटेनन्स भरतात, सी-१०४ची थकबाकी आहे. थकबाकीची पत्रं आता मेलनेही जाणार, आणि 'जो' लिहिलं की ए-३०२ आधी येतात. अजून काही भलत्या घरी गेलेलं नाही, पण मॅनेजरांचा एंटर दाबायचा वेग बघता मला धाकधूक आहे. तिसरं, एका सरकारी कार्यालयाचा पत्ता निक डॉट इनवरून गव्ह डॉट इनवर गेला. नवा सेव्ह केलाय, तरी वर येतो तो जुनाच.

हे पत्ते राहतात तरी कुठे? एकेक काढता येतात की सगळी पाटी कोरी करायची? सप्टेंबरअखेर वार्षिक सभा आहे, नोटीस चौदा दिवस आधी जायला हवी. तोवर हे आवरायचंय.

लिंबू_सरबत

ए-३०२वाल्यांनाच दोन्ही फ्लॅटचा मेंटेनन्स भरायला सांगा. मग नोटीस कुठेही गेली तरी चालेल.

सर्व्हरखालचा

लिंबूभाऊ, सचिवांना आणखी घाबरवू नका.

कोरा_कागद, तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. कॉन्टॅक्ट ही तुम्ही लिहिलेली वही. टू-मध्ये टाइप करताना जे खाली उलगडतं ते मात्र वाण्याच्या डोक्यातल्या हिशेबासारखं असतं: कोणाला किती वेळा पाठवलं ते प्रोग्राम स्वतःच्या मनाशी धरून ठेवतो. वहीतलं पान फाडलं म्हणून त्याच्या डोक्यातलं पुसलं जात नाही. म्हणून अध्यक्ष कॉन्टॅक्टमधून गेले आणि तिथे राहिले.

आउटलुकात या आठवणीचं नाव ऑटो-कम्प्लीट लिस्ट. २००७च्या आवृत्तीपर्यंत ती एनके२ एक्स्टेन्शनच्या वेगळ्या फाइलमध्ये असायची. संगणक बदलताना आम्ही लोक ती फाइल पेनड्राइव्हवर घेऊन फिरायचो, कारण साहेबांना बाकी काही नाही मिळालं तरी चालायचं, 'आपोआप येणारी नावं' गेली की आरडाओरडा व्हायचा. २०१०च्या आवृत्तीपासून ती फाइल गेली. कंपनीचं एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) खातं असेल तर यादी सर्व्हरवरच्या मेलबॉक्समध्ये लपवून ठेवलेली असते. तुमच्यासारखं जीमेल आयमॅपने (सर्व्हरवरचे मेल संगणकावरच्या प्रोग्रामात दाखवायची पद्धत) जोडलं असेल तर ती त्याच संगणकावर. म्हणजे मॅनेजरांच्या मशीनवर जे साफ कराल त्याचा तुमच्या थंडरबर्डशी काडीचा संबंध नाही. तिथे वेगळं साफ करावं लागेल.

एकेक पत्ता काढायचा असेल तर: नवीन मेल उघडा, टू-मध्ये पहिली दोन अक्षरं टाका, नको ते नाव दिसलं की त्याच्या उजवीकडची फुली दाबा. किंवा खालच्या बाणाने त्या नावावर जाऊन कीबोर्डवरची डिलीट. संपलं. मेल पाठवायची गरज नाही.

सगळं पुसायचं बटण फाइल, ऑप्शन्स, मेल, तिथे सेंड मेसेजेस या भागात आहे: 'एम्प्टी ऑटो-कम्प्लीट लिस्ट'. याला अनडू नाही. आणि मी तुम्हाला ते दाबू नका असंच सांगेन. यादीत साधारण १००० नोंदी मावतात. तुमच्या मॅनेजरांनी चार-पाच वर्षांत जमवलेले लिफ्टवाले, टँकरवाले, सीए, बँक, सगळे त्यात आहेत, आणि त्यातले निम्मे कॉन्टॅक्टमध्ये नसणार. पुसलंत तर उद्यापासून मॅनेजर पत्ते हाताने टाइप करतील. त्यातून नव्या चुका जन्माला येतील, आणि त्या चुकाही आपोआप साठतील.

क्रमाचं सांगायचं तर वारंवार वापरलेलं आणि अलीकडे वापरलेलं नाव वर येतं. निक डॉट इनला तुम्ही वर्षानुवर्षं पाठवत आलात, त्यामुळे त्याचं वजन जास्त. जुनी नोंद फुलीने काढा, नव्या पत्त्यावर दोन-चार मेल गेले की तो आपसूक वर येईल.

कोरा_कागद

साहेब, दंडवत. फुली दाबली, अध्यक्ष गेले. निक डॉट इनही गेला. मॅनेजरांना दाखवलं तर म्हणाले, "ही फुली आम्हाला दिसायची, पण दाबली तर माणूसच डिलीट होईल असं वाटायचं."

थंडरबर्डमध्ये मात्र फुली दिसत नाही. बाणाने जाऊन डिलीट दाबलं तर मी टाइप केलेलं अक्षरच उडतं.

गरुडाचं_पिल्लू

थंडरबर्डमध्ये फुली नसतेच, कारण तिथली रचना वेगळी आणि माझ्या मते जास्त प्रामाणिक आहे. तिथे लपलेली यादी नाही. सगळं ॲड्रेस बुकमध्येच आहे, फक्त तुम्ही बघत नाही त्या कप्प्यात.

ॲड्रेस बुक उघडा. डावीकडे 'पर्सनल ॲड्रेस बुक' दिसेल आणि त्याखाली 'कलेक्टेड ॲड्रेसेस'. ज्याला ज्याला तुम्ही मेल पाठवला आणि जो तुमच्या बुकात नव्हता, तो या दुसऱ्या कप्प्यात जमा होतो. टू-मध्ये लिहिताना दोन्ही कप्पे शोधले जातात. आधीच्या खजिनदारांच्या सगळ्या कारकिर्दीचा इतिहास तुम्हाला तिथे एका पडद्यावर दिसेल. नावावर जा, डिलीट करा, की सुचवणं बंद.

त्या कप्प्यातून उपयोगाचे पत्ते आधी पर्सनलमध्ये ओढून घ्या, मग उरलेल्यांवर बिनधास्त कुऱ्हाड चालवा. कुऱ्हाडीच्या आधी एक्स्पोर्ट करून सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी साधी यादी) काढून ठेवा. आणखी खात्री हवी असेल तर हेल्प मेनूतल्या 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन'मधून प्रोफाइल फोल्डर उघडा आणि थंडरबर्ड बंद करून त्याची प्रत घ्या. त्यात 'एबुक' आणि 'हिस्टरी' नावाच्या दोन एसक्यूलाइट (माहिती साठवायचा एक प्रकार) फाइल असतात. पहिली तुमची, दुसरी जमा झालेल्यांची. २०२०च्या ७८व्या आवृत्तीपूर्वी त्या मॅब एक्स्टेन्शनच्या होत्या. खूप जुना संगणक असेल तर तशाही सापडतील.

पुढे जमा व्हायलाच नको असेल तर सेटिंग्ज, कंपोझिशन, ॲड्रेसिंग. तिथे 'बाहेर जाणारे पत्ते अमुक बुकात आपोआप टाका' अशा अर्थाची चौकट आहे, तिची टिकली काढा. यानं नवी भर थांबते. जुनं साठलेलं तसंच राहतं, ते हातानेच काढायचं. मी ऑफिसात ही टिकली काढलेली आहे, घरी ठेवली आहे. घरी मला आळशीपणा परवडतो.

जोशींवरचा उतारा पण थंडरबर्डमध्येच आहे. तो नुसत्या सुरुवातीच्या अक्षरांवर चालत नाही, नावातले तुकडे कुठल्याही क्रमाने शोधतो. दोघांची डिस्प्ले नेम 'जोशी ए-३०२' आणि 'जोशी सी-१०४' अशी ठेवा आणि टू-मध्ये 'जो १०४' लिहा. एकच नाव उरेल. शिवाय प्रत्येक कॉन्टॅक्टला निकनेमचा रकाना असतो, त्यात नुसतं 'सी१०४' भरलंत तर तेवढं टाइप केल्यावर तो माणूस सगळ्यात वर येतो. ८४ फ्लॅटना निकनेम म्हणून फ्लॅट नंबर द्या. मॅनेजरांना नावं आठवत नसली तरी नंबर तोंडपाठ असतात.

वामकुक्षी

+१. आमच्या सोसायटीतही मॅनेजर रहिवाशांना नंबरानेच हाक मारतात. "बी-७०१ काल रागावले होते."

मेलबर्नची_माई

इकडचा किस्सा सांगते, म्हणजे कोरा_कागदांना आपण एकटेच नाही असं वाटेल.

नोव्हेंबर २०१४मध्ये ब्रिस्बेनला जी-२० परिषद झाली. मोदी त्या वेळी नवे पंतप्रधान, त्यांच्या दौऱ्याची इथल्या भारतीयांमध्ये केवढी धूम होती! त्याच आठवड्याच्या तोंडावर, ७ तारखेला, इथल्या इमिग्रेशन खात्यातल्या एका कर्मचाऱ्याने येणाऱ्या ३१ राष्ट्रप्रमुखांचे तपशील एका मेलने पाठवले. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, व्हिसाचा प्रकार. ओबामा, पुतिन, मर्केल, शी जिनपिंग, कॅमेरन आणि मोदीसुद्धा. मेल गेला कुठे, तर जानेवारी २०१५मध्ये होणाऱ्या आशियाई फुटबॉल चषकाच्या आयोजकांकडे. खात्याने प्रायव्हसी कमिशनरना लिहून दिलं की आउटलुकने टू-मध्ये आपोआप भरलेला माणूस बरोबर आहे का, हे पाठवणाऱ्याने तपासलं नाही. ज्याला मेल गेला त्यानेच कळवलं की हे माझ्याकडे चुकून आलंय, आणि आम्ही तो डिलीट करून ट्रॅशही रिकामा केलाय असं आयोजकांनी सांगितलं. खात्याने ठरवलं की धोका फार कमी आहे, तेव्हा त्या नेत्यांना कळवायची गरज नाही. मार्च २०१५मध्ये 'गार्डियन'ने ते पत्रच छापलं तेव्हा सगळ्यांना समजलं.

मला त्यातलं सगळ्यात विचित्र वाटलं ते हे की 'मानवी चूक' म्हणून फाइल बंद झाली. माणूस चुकला हे खरंच, पण पासपोर्ट नंबरांची यादी उघडी, पासवर्डशिवाय मेलमध्ये घालण्याची पद्धत कोणी घालून दिली होती? पत्ता चुकणारच कधीतरी. आत काय आहे ते पाहा ना आधी. तुमच्या थकबाकीच्या यादीलाही पासवर्ड घाला हो.

ठोकळा

एवढं ऐकल्यावर तर माझं मत पक्कं झालं. हे आपोआप सुचवणं बंदच करून टाका. आउटलुकमध्ये त्याच पानावर 'यूज ऑटो-कम्प्लीट लिस्ट'ची टिकली आहे, ती काढली की प्रश्न मिटला. पूर्वी आपण पोस्टकार्डावर पत्ता पूर्ण लिहीतच होतो की.

सर्व्हरखालचा

ठोकळाभाऊ, पोस्टमन हुशार असायचा. 'शिवाजी पेठ'ऐवजी 'शिवजी पेठ' लिहिलं तरी पत्र पोचायचं. मेलमध्ये एका अक्षराने जग बदलतं.

अमेरिकेच्या लष्कराचे पत्ते डॉट एमआयएलने संपतात. मधला 'आय' सुटला की डॉट एमएल होतो आणि ते झालं पश्चिम आफ्रिकेतलं माली. मालीचं डोमेन सांभाळणाऱ्या एका डच माणसाने २०२३मध्ये असे भरकटलेले मेल गोळा करायला घेतले, तर जानेवारीपासून जुलैपर्यंत १,१७,०००च्या आसपास जमले. त्यात वैद्यकीय कागद होते, अधिकाऱ्यांच्या दौऱ्यांचे तपशील होते. हाताने टाइप केल्याचा हा परिणाम. आणि एकदा चुकून टाइप केलेला पत्ता साठवणीत गेला की पुढच्या वेळी प्रोग्राम तोच अगत्याने पुढे करतो.

म्हणून मी बंद करा म्हणत नाही. चुकीची नोंद दिसताच उडवा आणि बरोबर नोंद कॉन्टॅक्टमध्ये ठेवा. हाताने लिहिणं हा त्यावरचा इलाज वाटत असेल तर एकदा तुमच्या मॅनेजरांना 'गव्हर्नमेंट' लिहायला सांगा.

ठोकळा

आमच्या मॅनेजरांना नको, मला स्वतःला येत नाही. पण टिकली काढलेलीच बरी, हे माझं मत कायम.

दोन_तंबोरे

जीमेलबद्दल कोणी बोललंच नाही, आणि कोरा_कागद यांचं मूळ खातं तर तेच आहे. मोबाइलवर आणि ब्राउझरमध्ये जे पत्ते सुचवले जातात ते गुगलच्या कॉन्टॅक्टमधून येतात. संगणकावर गुगल कॉन्टॅक्ट्स उघडा, डावीकडे 'अदर कॉन्टॅक्ट्स' असा वेगळा विभाग आहे. तुम्ही कधीतरी मेल पाठवलेले पण स्वतः सेव्ह न केलेले सगळे तिथे असतात. तिथून डिलीट केलं की सुचवणं थांबतं. परिणाम दिसायला कधी कधी थोडा वेळ लागतो, लगेच दिसला नाही म्हणून पुन्हा पुन्हा खटपट करू नका.

नवी भर थांबवायची तर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये, जनरल टॅबवर 'क्रिएट कॉन्टॅक्ट्स फॉर ऑटो-कम्प्लीट'. दोन पर्याय आहेत: नव्या माणसाला मेल पाठवला की आपोआप टाका, किंवा मी माझं बघतो. ही सेटिंग संगणकावरच्या ब्राउझरमध्ये बदलायची, मोबाइलच्या ॲपमध्ये शोधत बसू नका.

आणि त्याच पानावर वर 'अनडू सेंड' आहे. मूळचे ५ सेकंद असतात, ते ३० करा. भलत्या जोशींना गेलंय हे साधारण सातव्या सेकंदाला लक्षात येतं.

गंमत म्हणजे हा भलत्या जोशींचा प्रश्न गुगलवाल्यांनी २००९मध्येच ओळखला होता. 'गॉट द राँग बॉब?' नावाची सोय जीमेल लॅब्जमध्ये, म्हणजे प्रायोगिक सोयींच्या विभागात, आली होती. तुम्ही नेहमी ज्या चौघांना एकत्र लिहिता त्यात एकाच्या जागी त्याच नावाचा दुसरा आला तर जीमेल विचारायचं, हाच बॉब का? आपल्याकडे पाटील, जाधव आणि कुलकर्णी यांनी त्या सोयीचा घाम काढला असता.

सर्व्हरखालचा

आउटलुकमध्येही थांबवण्याचा उपाय आहे. रूल्समध्ये जाऊन पाठवलेल्या मेलसाठी 'डिफर डिलिव्हरी' लावा, दोन मिनिटं पुरे. मेल तेवढा वेळ आउटबॉक्समध्ये थांबतो, वाटल्यास उघडून पत्ता बदलता येतो. १२० मिनिटांपर्यंत लांबवता येतं. फक्त मॅनेजरांना बजावा की संध्याकाळी शेवटचा मेल पाठवून लगेच आउटलुक बंद करू नका, नाहीतर तो आउटबॉक्समध्येच झोपेल.

सफरचंदी_चटणी

ॲपलवाल्यांसाठी थोडक्यात. मॅकच्या मेलमध्ये विंडो मेनूत 'प्रीव्हियस रेसिपियंट्स' आहे. पूर्ण यादी उघडते, नाव निवडून 'रिमूव्ह फ्रॉम लिस्ट'. आयफोनवर टू-मध्ये नाव यायला लागलं की त्याच्या बाजूच्या गोलातल्या 'आय'वर टॅप करा, तिथे 'रिमूव्ह फ्रॉम रीसेंट्स' मिळतं. मॅकवर आणखी एक छान चीज आहे: कंपोझिंगच्या सेटिंगमध्ये तुमच्या कंपनीचं डोमेन लिहून ठेवलं की त्याबाहेरचा प्रत्येक पत्ता लाल दिसतो. सोसायटीला त्याचा उपयोग नाही म्हणा, तुमचे सगळेच बाहेरचे.

चष्मा_कुठेय

सर्वांना एक सावधगिरीची सूचना. कॉन्टॅक्टला तुम्ही जे डिस्प्ले नेम देता ते फक्त तुम्हालाच दिसतं असा बऱ्याच जणांचा समज आहे. तसं नाही. मेल पाठवताना टू-मध्ये ते नाव पत्त्याबरोबर जातं आणि घेणाऱ्याला दिसू शकतं. सीसीमधल्या सगळ्यांनासुद्धा.

माझ्या माहितीतल्या एका क्लासच्या ऑफिसात पालकांची नावं ओळखायला सोपी जावीत म्हणून पुढे शेरे लिहिले होते. 'देशमुख फी बाकी', 'देशमुख भांडखोर'. पुढचं सांगायला नको. तेव्हा 'जोशी ए-३०२' ठीक, 'जोशी थकबाकीदार' चुकूनही नको. शेरे लिहायला कॉन्टॅक्टमध्ये नोट्सचा रकाना असतो, तो बाहेर जात नाही. निकनेमही जात नाही, त्यामुळे गरुडाच्या पिल्लाची युक्ती सुरक्षित आहे.

लिंबू_सरबत

'देशमुख भांडखोर' यांनी वाचल्यावर नाव सार्थ केलं असणार.

चष्मा_कुठेय

लिंबूराव, फी मात्र दुसऱ्या दिवशी भरली त्यांनी.

शाईचा_डाग

मॅनेजर-सोसायटीच्या पलीकडचा एक प्रश्न, पण याच विषयातला. आमच्या कंपनीत मेल एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेले. तेव्हापासून एका सहकाऱ्याला नावावरून निवडून मेल पाठवला की परत येतो. पत्ता बघितला तर अक्षर न् अक्षर बरोबर. परत आलेल्या मेलमध्ये आयएमसीईएईएक्सने सुरू होणारं लांबलचक काहीतरी असतं. आयटीला विचारलं तर म्हणतात तुमच्याकडे प्रॉब्लेम आहे.

सर्व्हरखालचा

ओळखीचं दुखणं. एकाच एक्स्चेंज संस्थेतल्या माणसासाठी आउटलुक आठवणीत साधा मेल पत्ता ठेवत नाही, सर्व्हरच्या आतला जुन्या धाटणीचा एक्स-५०० प्रकारचा पत्ता ठेवतो. मेलबॉक्स नव्याने तयार झाला की आतला पत्ता बदलतो, बाहेरचा तोच राहतो. तुम्हाला दिसतं बरोबर, आउटलुक पाठवतं जुन्या ठिकाणी.

तुमच्या बाजूने इलाज तोच, फुली दाबून ती नोंद काढा आणि कंपनीच्या ॲड्रेस लिस्टमधून माणूस पुन्हा निवडा. मात्र जुन्या मेलला रिप्लाय दिलात तर पुन्हा परत येऊ शकतो, कारण त्या मेलमध्येही जुना आतला पत्ता आहे. खरा इलाज आयटीकडे आहे: नव्या मेलबॉक्सला जुना एक्स-५०० पत्ता जोडून द्यायचा. पाच मिनिटांचं काम आहे. 'तुमच्याकडे प्रॉब्लेम' म्हणणाऱ्यांना हा प्रतिसाद प्रिंट काढून द्या.

शाईचा_डाग

प्रिंट काढली. फुलीने माझ्यापुरतं काम झालंही. वाचनखूण साठवली आहे.

कोरा_कागद

केवढी माहिती मिळाली! थंडरबर्डमधला कलेक्टेडचा कप्पा उघडला आणि थक्क झालो. आधीच्या खजिनदारांनी कधीकाळी विमा एजंट, गणपतीचा मंडपवाला, सोडून गेलेले तीन भाडेकरू, सगळ्यांना लिहिलेलं. एकाच प्लंबरचे चार पत्ते, त्यातल्या दोनांत जीमेलचं स्पेलिंग चुकलेलं. कामाचे पर्सनलमध्ये हलवले, सीएसव्ही काढली, बाकीचे उडवले. टिकलीही काढली.

कमिटीत एक ठरवलंय, ते बरोबर आहे का सांगा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांच्या खाजगी पत्त्यांवर सोसायटीचे मेल पाठवायचेच नाहीत. डोमेन घेऊन पदांच्या नावाने तीन पत्ते काढायचे. पाच वर्षांनी माणसं बदलतील, पत्ते तेच राहतील.

आणि सभेची नोटीस ८४ जणांना एकदम पाठवायची आहे, ती कशी?

गरुडाचं_पिल्लू

पदांचे पत्ते उत्तम. त्या-त्या माणसाला पासवर्डसकट पद सुपूर्द करता येतं, आणि मॅनेजरांच्या साठवणीत जे नाव आहे ते कायम खरं राहतं.

नोटिशीसाठी थंडरबर्डच्या ॲड्रेस बुकात 'सर्व सदस्य' अशी लिस्ट करा आणि ती बीसीसीमध्ये टाका, तिथले पत्ते एकमेकांना दिसत नाहीत. टू-मध्ये सोसायटीचा स्वतःचा पत्ता. टू किंवा सीसीत १५ किंवा जास्त पत्ते झाले की नव्या आवृत्त्या खाली पट्टी दाखवून बीसीसी सुचवतात, ती पट्टी बंद करू नका. लिस्ट केल्याचा आणखी फायदा म्हणजे ८४ नावं एकेक करून टाइप होत नाहीत, त्यामुळे भलता माणूस मध्ये घुसायला वावच उरत नाही. फ्लॅट विकला गेला की लिस्टमधून नाव काढण्याची जबाबदारी मात्र कोणाच्या तरी नावावर लिहून ठेवा.

दोन_तंबोरे

एक राहून गेलं. जीमेलच्या 'अदर कॉन्टॅक्ट्स'ची भर खात्यावर होते, एखाद्या यंत्रावर नाही. जुन्या कमिटीतल्या कोणाच्या मोबाइलवर सोसायटीचं खातं अजून लॉगिन असेल तर तुम्ही साफ कराल आणि तिकडून पुन्हा भर पडेल. शिवाय ते तुमचे मेलही वाचू शकतील, ते वेगळंच. गुगल खात्यात सिक्युरिटी, 'युअर डिव्हायसेस' बघा, अनोळखी असेल ते साइन आउट करा आणि पासवर्ड बदला.

कोरा_कागद

बापरे. बघितलं. कमिटीतल्या कोणाचाही नसलेला एक फोन आणि एक टॅबलेट यादीत होते. दोन्ही काढले, पासवर्ड बदलला.

शेवटचा प्रश्न. आउटलुक २०१६चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५मध्ये संपला, त्यामुळे मॅनेजरांचा संगणकही बदलणार आहोत आणि तिथेही थंडरबर्डच टाकणार आहोत. आउटलुकच्या आठवणीतली नावं तिकडे नेता येतील का?

सर्व्हरखालचा

आठवण थेट नेता येत नाही आणि नेऊही नका. मॅनेजरांना बसवून कामाची नावं आउटलुकच्या कॉन्टॅक्टमध्ये घालून घ्या. मग फाइल, ओपन अँड एक्स्पोर्ट, इम्पोर्ट/एक्स्पोर्टमधून कॉन्टॅक्टची सीएसव्ही काढा. जे कोणी त्या सीएसव्हीत आले नाहीत त्यांची गरज नव्हती असं समजा.

गरुडाचं_पिल्लू

आणि ती सीएसव्ही थंडरबर्डमध्ये आणताना रकाने जुळवायचा पडदा येतो, तिथे घाई करू नका. आउटलुकचा मेलचा रकाना 'प्रायमरी ईमेल'समोर आलाय का, ते पहिल्या दोन-तीन नोंदींवर तपासा. फ्लॅट नंबरांचा एक जादा रकाना आधीच एक्सेलमध्ये भरून ठेवलात तर तो 'निकनेम'समोर लावता येतो, म्हणजे ८४ वेळा हाताने भरायला नको. मराठी नावं असतील तर एक्सेलमधून सेव्ह करताना यूटीएफ-८चा सीएसव्ही प्रकार निवडा, नाहीतर सगळी प्रश्नचिन्हं येतील. अडलं तर इथे स्क्रीनशॉट टाका, फक्त लोकांचे पत्ते खोडून.